सूर्यास्तापूर्वीचे ताट

मे महिन्याच्या उत्तरार्धात कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. रात्रिभोजनत्यागाचा नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या घरांत त्याच्याही दोन घटका आधी, म्हणजे 48 मिनिटे अगोदर, पाने उचललेली असतात. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून हा नियम सोपा, असे तो न पाळणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात सहाच्या जेवणासाठी भर दुपारी तीन वाजता चुलीपाशी उभे राहावे लागते, आणि त्या जेवणाचा बाजार त्याहूनही आधी, डोक्यावर ऊन घेऊन करावा लागतो.

लक्ष्मीपुरीतील एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी रविवारी सकाळी दहा वाजता पुण्याहून फोन आला. घरची मुलगी गेल्या माघात पुण्याच्या एका श्वेतांबर घरात दिली होती. तिचे सासू-सासरे, दीर आणि जाऊ कुंभोजगिरीच्या यात्रेस निघाले होते. त्या डोंगरावर दोन्ही आम्नायांची मंदिरे आहेत. सोमवारी सकाळी डोंगर चढायचा आणि रविवारची रात्र कोल्हापुरात काढायची, असा बेत होता. "चारपर्यंत पोहोचू. फार काही करू नका, दिवस असताना जेवण झाले म्हणजे पुरे," एवढाच निरोप. लग्नानंतर व्याही प्रथमच घरी येत होते. 'फार काही करू नका' या शब्दांचा अर्थ कोणत्याही गृहिणीला बरोबर समजतो.

घर दिगंबर, मराठी बोलणारे, तीन पिढ्या धान्याच्या पेढीवर बसलेले. कांदा, लसूण, बटाटा या घरातही शिजत नाही. त्यामुळे पाहुण्यांसाठी कंदमुळे वगळण्याचा प्रश्नच नव्हता. अडचण बारीक भेदांची होती. या घरात पालेभाजी चातुर्मासात सुटते. पुण्याच्या घरात ती फाल्गुनी चौमासीपासूनच बंद होते आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत बंद राहते. कोथिंबीरसुद्धा त्यात आली. कोल्हापूरच्या स्वयंपाकातून कोथिंबीर काढली तर उरते काय, हा प्रश्न सासूबाईंनी सुनेला विचारला आणि स्वतःच उत्तर दिले, "ओलं खोबरं."

बेत ठरला तो असा. पायरीचा आमरस, पोळ्या, भरली दोडकी, एखादी सुकी भाजी, काकडीची लिंबू पिळलेली कोशिंबीर, तोंडल्यांचा मसालेभात आणि शेवटी मठ्ठा. मठ्ठ्यासाठी वरणाचा बळी गेला. न तापवलेले दही किंवा ताक आणि डाळ एकत्र आली की द्विदलाचा दोष लागतो, हे दोन्ही घरांना मान्य. आल्यानंतर लगेच द्यायला कैरीचे पन्हे, गूळ आणि वेलदोडा घातलेले. बर्फ अभक्ष्यांत येतो, म्हणून पन्ह्याचे पातेले सकाळीच ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवले गेले. पीठ मात्र सहा दिवसांपूर्वीचे निघाले. दळलेले पीठ हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5 दिवस आणि पावसाळ्यात 3 दिवस, ही दिगंबर परंपरेतील मर्यादा सासूबाईंना तोंडपाठ होती. गव्हाचा डबा गिरणीत गेला आणि त्या गडबडीत बाराचा सुमार झाला. मग सासू-सून पिशव्या घेऊन बाहेर पडल्या.

लक्ष्मीपुरीचा आठवडी बाजार रविवारी भरतो. एरवी हा भाग धान्याच्या पेढ्यांचा, पोती आणि हातगाड्यांचा. रविवारी मात्र रस्त्यांच्या दोन्ही कडांना पोतेरी अंथरून करवीर, पन्हाळा, शिरोळ, हातकणंगले अशा तालुक्यांतली माणसे बसतात. फिरते व्यापारीही असतातच. घाऊक माल उचलून किरकोळ विकणारे. पण दोघांतला फरक जाणत्या नजरेला लांबूनच कळतो. व्यापाऱ्यापुढे दहा भाज्यांचे सारखे ढीग असतात. शेतकऱ्यापुढे दोन किंवा तीन जिनसा, आणि त्या सारख्या आकाराच्या नसतात. उन्हाळ्यात आणखी एक खूण म्हणजे देठ. पहाटे तोडलेल्या दोडक्याचा देठ दुपारपर्यंत हिरवा राहतो. आदल्या दिवशी तोडून रात्रभर पाण्याने भिजवलेल्या दोडक्याचे साल चमकते, पण देठ काळवंडलेला असतो. सासूबाई साल पाहत नाहीत.

दोडकी, काकड्या आणि तोंडली पहिल्या वीस मिनिटांत झाली. पाहुण्यांच्या घरी भाजी चिरताना आत कीड दिसली की ती भाजी तशीच बाजूला ठेवतात, म्हणून भेंडी आणि फ्लॉवर यांच्याकडे सासूबाईंनी वळूनही पाहिले नाही. मे महिन्याच्या फ्लॉवरमध्ये काय काय असते हे त्यांना सांगायला नको. गगनबावड्याच्या बाजूने आलेल्या एका बाईपुढे पळसाच्या पानांवर जांभळांचे वाटे होते. सुनेचा हात पुढे झाला. सासूबाई म्हणाल्या, "तुच्छ फळात धरतात ती माणसं. आपल्यापुरती घे, उद्या खाऊ." खाण्यापेक्षा टाकायचेच ज्यात अधिक, ते तुच्छ फळ. शास्त्रकारांनी ही वर्गवारी केली तेव्हा त्यांनी जांभूळ नक्की खाऊन पाहिले असणार.

आंब्याशी मात्र बराच वेळ गेला. कोल्हापुरात घाट चढून हापूस येतो, पण आमरसाला जुनी घरे पायरीच धरतात. रस अधिक, आंबटगोड चव, आणि पोळीबरोबर दुसऱ्या वाटीलाही कंटाळा येत नाही. खरी कसोटी पिकण्याची. त्याच संध्याकाळी वाढायचा आंबा तयार हवा, पण देठापाशी काळा पडू लागलेला नको. आंबलेला, चव फिरलेला रस हा चलितरस, म्हणजे अभक्ष्य; आणि मे महिन्याच्या उष्म्यात सकाळचा रस संध्याकाळी टिकेल याची शाश्वती नाही. सासूबाईंनी प्रत्येक आंबा देठाकडून हुंगून, बोटाने न दाबता, दोन डझन निवडले. दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकामुळे उरलेला माल खराब होतो, हे धान्याच्या पेढीवरच्या माणसाला न सांगता कळते. तिथेही पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ चोळून पाहणारे असतातच.

"आणखी महिनाभरच," विकणारा म्हणाला. "मिरग बसला की आंबा गेला."

त्याचा हिशोब मृगाचा, पुण्याच्या पाहुण्यांचा आर्द्रेचा. सूर्य आर्द्रा नक्षत्रात गेला, म्हणजे 21 किंवा 22 जूनच्या सुमारास, की श्वेतांबर घरांत आंबा बंद होतो. पाऊस सुरू झाल्यावर फळात जीवोत्पत्ती होते, म्हणून. शेतकरीही याच मालिकेवर चालतो. मे संपता संपता रोहिणी, 7 किंवा 8 जूनला मृग, मग आर्द्रा. पेरणी केव्हा करायची आणि पेरा केव्हा उशिराचा समजायचा, हे त्यावर ठरते. एकाच आकाशाकडे पाहून एक माणूस कुरी बाहेर काढतो आणि दुसरा आंब्याची अढी रिकामी करतो. पंचांग दोघांचे एकच.

उरली ती सुकी भाजी. एक वाजून गेला होता. बाजार अशा वेळी ओसरतो. सकाळचे गिऱ्हाईक घरी गेलेले असते आणि संध्याकाळचे, म्हणजे भाव उतरण्याची वाट पाहणारे, अजून यायचे असते. सहा वाजल्यानंतर हाच माल निम्म्या किमतीत मिळतो, कारण परत नेऊन उपयोग नसतो. दिवस असताना जेवणाऱ्या घरांना ही स्वस्ताई कधी लाभत नाही. त्यांचा स्वयंपाक झालेला असतो तेव्हा भाव उतरायला लागतात. आठवडी बाजारातल्या बायकांना हे ठाऊक असते आणि दुपारच्या उन्हात पिशवी घेऊन आलेली बाई कोणत्या घरची, याचा अंदाज त्या बांधतात.

रस्त्याच्या टोकाला, बंद दुकानाच्या पायरीच्या सावलीत, साठीच्या आसपासची एक बाई बसली होती. पुढे ओल्या गोणपाटावर गवारीचा ढीग आणि शेजारी वांग्यांची पाटी, जवळजवळ भरलेली. वांगी पाहण्यासारखी होती. कृष्णाकाठची, गोल, काटेरी देठाची, पांढऱ्या रेषांची. सांगली-कोल्हापूरकडे या वांग्यांचे नाव घेतल्यावर माणसे भूक लागल्यासारखी बोलू लागतात. पण वांगे बहुबीज. दोन्ही परंपरांच्या बावीस अभक्ष्यांत त्याचे नाव आहे. सासू-सुनेची नजर पाटीवरून गवारीवर गेली.

"गवार कशी दिली, मावशी?" सुनेने विचारले.

"शंभर रुपय किलो. पहाटं तोडलीया, वैनी. मोडून बघा की."

शेंग मोडली. टचकन तुटली, धागा निघाला नाही.

"ऐंशीला द्या. तिकडं कोपऱ्यावर ऐंशीच आहे."

"ती कालची. दुपारी भाजायला लागलं म्हंजे निबार व्हती ती." थोडे थांबून ती म्हणाली, "घ्या ऐंशीनं. किती करू?"

अर्धा किलो ठरली. बाईने तागडी उचलली, काटा जरा गिऱ्हाइकाकडे झुकू दिला. "वर चार शेंगा घाला," सून म्हणाली, आणि बाईने मूठभर घातल्या. सून चांगल्या घरची, इचलकरंजीच्या कापडव्यापाऱ्याची मुलगी. हे सारे तिने विचार करून केले नव्हते. बाजारात असेच बोलतात.

पिशवीत गवार पडली आणि तिच्या लक्षात आले. इचलकरंजीत शेजार मारवाडी आणि गुजराती श्वेतांबरांचा असल्यामुळे काही गोष्टी तिने लहानपणापासून ऐकल्या होत्या. ती सासूबाईंच्या कानाशी लागली, "आई, गवारसुद्धा द्विदलात धरतात ते लोक. मठ्ठा आहे ना जेवणात."

सासूबाई थबकल्या. डाळी आणि बेसन एवढेच त्यांनी मनाशी तपासले होते. शेंग म्हणजे भाजी, असाच त्यांचा आजवरचा हिशोब.

पुढे बसलेल्या बाईने ते ऐकले. "मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि पिशवीकडे हात केला. "मठ्ठ्यासंगं चालायची न्हाई. जैनाच्या हायसा न्हवं? आम्हीबी. शिरोळकडच्या."

शिरोळ तालुक्यात जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे कोल्हापूरच्या कोणत्याही व्यापारी घराला माहीत असते. सोयरिकी होतात, पंचकल्याणक पूजेत एका मांडवात बसणे होते. तरीही जैन म्हटल्यावर पुण्या-मुंबईकडे दुकान डोळ्यांपुढे येते, नांगर येत नाही. आणि पेढीवर वाढलेल्या घरालासुद्धा पोतेऱ्यावर बसलेली बाई आपल्यातली असेल, हे चटकन सुचत नाही. ती वांगी पिकवते. स्वतः खाते की नाही, हे तिला कोणी विचारले नाही.

"केव्हा निघता?" सासूबाईंनी विचारले.

"साडेचारची गाडी गावली तर दिवस हाय तवर घरात. न्हाईतर मग जेवान ऱ्हातंय. सवय हाय की." तिने पाटीकडे पाहिले. "वांगी संपली म्हंजे निघायचं."

सासूबाईंनी गवार परत दिली नाही. खाली वाकून त्यांनी ढिगातल्या शेंगा चाळवल्या. "वाळवायला बरी आहे. किती आहे सगळी?"

आणखी दोन किलो भरली. मे महिन्यात जैन घरांच्या गच्चीवर वाळवण असतेच. चातुर्मासात, अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य असते, तेव्हा वाळवलेली गवार, कारली आणि कैरीच्या फोडी उपयोगी पडतात. गवार मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायची. निबर असेल तर दोरखंड होते, म्हणून कोवळीच लागते. सासूबाईंनी अडीचशे रुपये मोजून दिले. बाईने पन्नास परत करायला काढले.

"शंभरनेच धरा," सासूबाई म्हणाल्या. "सगळी एका निवडीची आहे."

सुक्या भाजीसाठी परत फिरून पडवळ घ्यावे लागले, आणि दोघी घरी पोहोचल्या तेव्हा दोन वाजायला आले होते. वाटेत सून म्हणाली, "ऐंशीला ठरलं होतं, आई." सासूबाईंनी उत्तर दिले नाही. उन्हाने त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि कणीक अजून भिजवायची होती.

पेढी रविवारी अर्धा दिवस असते. आण्णा दुपारी घरी आले, पिशव्या पाहिल्या आणि सवयीप्रमाणे खर्च विचारला. गवारीचा आकडा ऐकून ते हसले. "घाऊक घेतलं की भाव उतरतो. तू चढवून आलीस."

हिशोब त्यांनी पुढे स्वतःच मांडला, कारण व्यापाऱ्याला हिशोब अर्धा सोडवत नाही. त्या बाईने तीच गवार पहाटे शाहू मार्केट यार्डात सौद्याला लावली असती तर घाऊक भाव मिळाला असता. जुलै 2016 मध्ये सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. तेव्हा अडत्यांनी संप केला होता; त्या दिवसांत या घरातही दोन तट होते. अडत गेली तरी घाऊक भाव हा घाऊकच. बाजारात बसले की किरकोळ भाव मिळतो, पण एक अख्खा दिवस जातो, येण्याजाण्याचे भाडे जाते, आणि संध्याकाळी उरले ते जनावरांपुढे. धान्य पडून राहिले तर व्याज चढते. भाजी पडून राहिली तर भाजीच राहत नाही. "तरी पन्नास रुपये जास्त दिलेस," आण्णा म्हणाले, पण आवाज तक्रारीचा नव्हता.

सून तोवर दोडक्यांना चिरा देत होती. तिने विचारले, "आण्णा, वर चार शेंगा मागून घेतल्या मी. तो दोष धरायचा का?"

प्रश्न सरळ होता आणि आण्णांना तो आवडला. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान सांगितले आहे. देताना कमी माप आणि घेताना जास्त माप, दोन्ही त्यात आले. पेढीवरच्या काट्यावर दरवर्षी वजनमापे खात्याचा शिक्का बसतो. पाव किलोमागे दोन ग्रॅम कमी भरले तर आण्णांना रात्री झोप लागत नाही, असे पेढीवरचा दिवाणजी थट्टेने म्हणतो. म्हणजे अर्धा भाग नीट पाळला जातो. घेतानाच्या मापावर मात्र कोणी शिक्का मारत नाही.

"तिने आपणहून घातल्या तर दोष नाही," आण्णा म्हणाले. "काटा झुकता दिला, तो तिचा व्यवहार."

"मी मागितल्या."

"मागितल्या तर..." आण्णांनी क्षणभर विचार केला. "आमच्याकडे कोणी तूरडाळीवर मूठभर मागितली तर आम्ही देतो. पण नंतर चरफडतोच." सासूबाईंनी पुरणयंत्र आमरसासाठी मागितले आणि विषय तिथेच राहिला.

पाहुणे चारला आले. पन्हे दिले गेले. माठाशेजारचा गारवा त्यात पुरेसा उतरला होता. विहीणबाईंनी स्वयंपाकघरात येऊन मदतीला हात लावायचा आग्रह धरला आणि तेवढ्यात सारे पाहून घेतले. खोबरे पाहिले, कोथिंबीर नाही हे पाहिले, वरणाचे पातेले नाही हेही पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, पडवळाला फोडणी घालणाऱ्या सुनेला एवढेच म्हणाल्या, "आमच्याकडं सुंठ घालतात मठ्ठ्यात. असली तर."

सहाला पाने मांडली. उन्हाचा तिरपा पट्टा जेवणघराच्या भिंतीवर होता. आमरस दोनदा फिरला. व्याह्यांनी दोडकी दोनदा घेतली आणि पुण्यात असली मिळत नाहीत असे म्हणाले. मिळत असतीलही, पण जेवताना असे म्हणतात. आर्द्रेला अजून महिना आहे, या हिशोबाने विहीणबाईंनी तिसरी वाटीही नाही म्हटली नाही. मठ्ठा शेवटी आला, सुंठ आणि जिरे घातलेला, आणि पाण्याचे भांडे उचलून सर्वांनी वेळेत तोंड धुतले तेव्हा घड्याळात सहा वाजून नऊ मिनिटे झाली होती.

पाहुणे गच्चीवर शतपावलीला गेले. तिथे धुतलेल्या पांढऱ्या कापडावर गवार पसरली होती. विहीणबाईंनी एक शेंग उचलून मोडून पाहिली. "कोवळी आहे. कुठली?"

"शिरोळची," सासूबाई म्हणाल्या.

सून कठड्यापाशी उभी होती. खाली लक्ष्मीपुरीच्या टोकाकडून बाजाराचा गलका ऐकू येत होता. भाव उतरण्याची वेळ झाली होती.

"आण्णा, शिरोळला जायला गाडीला किती वेळ लागतो?"

"सव्वा-दीड तास. मध्ये किती थांबते त्यावर." आण्णांनी पश्चिमेकडे पाहिले. "का ग?"

"वांग्यांची पाटी होती अजून," ती म्हणाली.